पाऊणकीचा समुद्र

आमच्या महाळुंगे पडवळात कुंडलिकच्या गाडीत नुसतं बसून भागत नसे, ऐकावंही लागे. मंचरच्या दवाखान्यात जायला म्हणून बसावं, तर गाव सुटायच्या आत त्याचं सुरू व्हायचं. "डाव्या हाताला बघा वहिनी, हा चिमाजीतात्यांचा ऊस. ह्यात बिबटीनं पिल्लं घातली व्हती. आता उजव्या हाताला बघा..." उजव्या हाताला काहीच नसलं, तर "उजव्या हाताला मोकळं रान, नजर जाईल तिथवर" असं तो तितक्याच अभिमानाने सांगायचा. डोकं ठणकत असलं तरी माणूस उजवीकडे बघायचाच.

ही सवय त्याला खोडदला लागली. तिथल्या त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या मोठमोठ्या दुर्बिणींवर कामाला असलेल्या लोकांकडे लांबलांबचे पाहुणे यायचे. त्यांना शिवनेरी, लेण्याद्री, ओझर दाखवायला कुंडलिक दुसऱ्याची जीप घेऊन जायचा. पाहुण्यांना मराठी येत नसे आणि कुंडलिकचं हिंदी सगळं टीव्हीवरच्या देवादिकांच्या मालिकांतलं. "हे अतिथीगण, इस दिशा में पधारिए, यहाँ जल उपलब्ध है," असं तो नळाकडे हात करून म्हणे. पाहुणे खूश व्हायचे. त्यातल्याच एका बाईंनी त्याला हिंदीत विचारलं, "तुम्ही इतकं छान दाखवता, मग समुद्र का नाही दाखवत?" कुंडलिकने तोवर स्वतःच समुद्र पाहिला नव्हता. पण प्रश्न त्याच्या डोक्यात जो बसला, तो उठायलाच तयार होईना.

पुढे त्याचे सासरे भागुजीबाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. ते लोणीचे. नोकरी पाटकऱ्याची, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी, कुणाचं दार उघडायचं आणि कुणाचं पाडायचं हे बघणारा माणूस. पाणी सुटण्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. आवर्तन आलं की भागुजीबाबांना वरच्या अंगाचे लोक चहा पाजायचे आणि खालच्या अंगाचे शिव्या घालायचे. त्यांचं स्वतःचं रान होतं लोणीला, कालव्याच्या पार शेवटाला, म्हणून घरी गेल्यावर बायकोच्याही शिव्या खायला लागत. अशी सगळी नोकरी करून आलेला माणूस कुणाच्या बोलण्यावर भाळत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी सुमो घेतली आणि जावयाच्या हातात किल्ली दिली. पण सांगून ठेवलं, "पावणं, गाडी घरात बसाया न्हाई घेतली. मागची शिटं काढा, तरकारीची कॅरेट भरा आन पुण्याला मार्केटला लावा."

कुंडलिकला ते मुळीच पटलं नाही. शिटं काढली की माणसं गेली, आणि माणसं गेली की 'उजव्या हाताला बघा' कुणाला म्हणायचं? वांग्यांना?

सासऱ्याला उलट बोलायची आपल्यात रीत नाही. जावई 'मामा' म्हणणार, सासरा 'पावणं' म्हणणार, आणि दोघं एकमेकांना मान देत देत आपापलं घोडं दामटणार. कुंडलिकने आपलं घोडं कल्याणीच्या, म्हणजे बायकोच्या तोंडून दामटलं. तिने बापाकडून एक फेरी मागून घेतली. एक दिवस, समुद्राची सहल, आबांनी स्वतः पुढच्या शिटावर बसायचं. पटलं तर शिटं राहतील. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी सोमवारी पाना घेऊन शिटं खोलायची.

"आन पटलं का न्हाई, हे कोण ठरवणार?" कुंडलिकने विचारलं.

"मीच," भागुजीबाबा म्हणाले. "गाडी कुणाची हाय?"

कुंडलिकने तयारी काही कमी केली नाही. दत्तजयंतीला तो मित्राच्या मोटरसायकलवर बसून अलिबागला जाऊन आला. दुपारी पोचला तेव्हा समुद्र तुडुंब भरून किनाऱ्याच्या कठड्याला थडकत होता. कुंडलिक म्हणे, "वहिनी, मी तर उभ्या उभ्या हात जोडले. डिंभ्याचं धरण पाहिलेला माणूस मी, पण ह्याला पलीकडची भिंतच न्हाई!" मग त्याने शहाळीवाल्याला विचारलं, की पाणी किती वाजता असतं? शहाळीवाला म्हणाला, "आज साडेअकरा-बाराला भरलं." त्यातला 'आज' एवढाच शब्द कुंडलिकच्या कानातून निसटला. आमच्याकडे एसटीची वेळ ठरलेली, दूध संकलनाची ठरलेली, पाटाचं पाणीसुद्धा वेळापत्रकाने येतं. समुद्राला वेळ असते म्हटल्यावर ती रोजचीच असणार, ह्यात शंका घेण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं!

दिवस ठरवायला आम्ही बायका त्याच्या ओट्यावर बसलो. कल्याणी, मी आणि जानकाबाई. जानकाबाई सरकारी दवाखान्यातून परिचर म्हणून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली, त्यामुळे मोठमोठ्या बाप्यांनाही त्या 'काय रं' म्हणत. बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि त्यांच्या जिभेला अध्यक्ष कुणी नव्हता.

कुंडलिकने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आमच्यापुढे ठेवलं. दत्तजयंती गेलेली, पौष लागणार. पौषात लग्नकार्य नाही, माणसं मोकळी.

"पौर्णिमेला न्हाई जमायचं, सत्यनारायण असतो," कल्याणी म्हणाली. "आवशीला तर गाडी दारातनं हलवायचीच न्हाई. चतुर्थीला माझा उपास. एकादशीला आबांचा. सोमवारी वहिनींचा."

"उपासाला समुद्र चालत न्हाई व्हय?" जानकाबाईंनी विचारलं. "त्यो काय मटणाचा हाय?"

शेवटी सगळ्यांचे उपास, बाजार आणि पाळ्या चुकवत चुकवत षष्ठीचा रविवार मिळाला. कुंडलिकने त्यावर बोट ठेवून भाषणच केलं. "अलिबाग, नागाव, रेवदंडा. तीन गावं, एक दिवस. आपली गाडी, आपली माणसं. कुणाच्या बशीत कोंबून जायचं न्हाई. जिथं थांब म्हनाल तिथं थांबणार. आन बरोब्बर अकराच्या पुढं अलिबागला समुद्र भरलेला दाखवणार. न्हाई दाखवला तर नाव बदला."

"कशाला बदलायचं," जानकाबाई म्हणाल्या, "आहे तेच शिव्या द्यायला सोपं हाय."

रविवारी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. पुढे भागुजीबाबा, डोक्याला पांढरी टोपी, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. मध्ये मी, आमचे हे आणि कल्याणी. मागच्या शिटावर जानकाबाई एकट्या ऐसपैस, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. चाकण येईस्तोवर कुंडलिकने सगळे उजवे-डावे हात दाखवून संपवले. लोणावळ्याच्या पुढे घाट उतरायला लागला तेव्हा त्याने आवाज बदलला. "मंडळी, आता आपला देश संपला. हितनं खाली कोकण. कान दडतील, घाबरू नका."

"हं," भागुजीबाबा म्हणाले.

पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने दाखवले. "हं." वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलो तशी खाडी दिसायला लागली, मिठागरं दिसली. "हं." तो 'हं' होकाराचा की नकाराचा, ते ओळखायला कुंडलिक रस्ता सोडून सारखा सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी आमचे हे म्हणाले, "कुंडलिक, दृश्य समोर आहे रे बाबा."

अकरा वाजून गेले होते. अलिबागच्या किनाऱ्याशी गाडी लागली. कुंडलिकने आधी उतरून सासऱ्याचं दार उघडलं, स्वतःची टोपी सारखी केली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "मामा, डोळे भरून बघा. हा—"

आणि हात तसेच राहिले.

समोर समुद्र नव्हता.

म्हणजे असेल, पण होता तो पार लांब, करड्या रेघेसारखा. मधे सगळी ओली वाळू, तिच्यावर इथे-तिथे डबकी, एक आडवी पडलेली होडी, आणि कुत्री. समुद्रातला म्हणतात तो किल्ला जमिनीत उगवल्यासारखा दिसत होता. लोक चक्क त्या बाजूला चालत निघाले होते, घोडागाड्या निघाल्या होत्या.

भागुजीबाबांनी खाली उतरून किनारा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग भागुजीबाबांनी सावकाश विचारलं, "पावणं, समुद्र कुठं ठेवलाय?"

"हितंच हुता, मामा." कुंडलिकचा आवाज खाली गेला होता. "मागल्या टायमाला हितंच हुता. ह्या कठड्यापस्तोर!"

"जत्रा उठल्यावर माळ दिसतो तसं दिसतंय," जानकाबाई म्हणाल्या.

"आवर्तन बंद असंल," कल्याणीने हळूच टोमणा मारला. नवरा अडचणीत असतानाही ज्या बायकोला विनोद सुचतो तिचा संसार टिकतो, असं माझं मत आहे. पण त्या घडीला कुंडलिकच्या चेहऱ्याकडे बघवेना. एवढं मोठं सांगून ठेवलेलं, आणि समोर कुत्री!

तो शहाळीवाला शोधायला पळाला. शहाळीवाला काही सापडला नाही, पण बाजूला एक कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. कुंडलिकने तिला जवळजवळ दरडावूनच विचारलं, "मावशी, साडेअकराचं पाणी कुठं गेलं?"

तिने वळूनही पाहिलं नाही. "कंचं साडेअकराचं?"

"भरतीचं! रोजचं!"

आता मात्र तिने वळून पाहिलं, आणि मग जी हसायला लागली ती कमरेवर हात ठेवून. "रोजचा? अरं, तो काय सरकारी नळ हाय? आज तिथी कंची?"

"षष्ठी," मागून भागुजीबाबा म्हणाले. आम्ही सगळे तिथे जाऊन पोचलो होतो.

"मग, तिथीला पाऊणानं गुणायचा. येईल ती भरतीची येल. कंच्या गावचं तुम्ही? शालंत नाय गेलात?"

आमचे हे मनात गुणाकार करायला लागले, मी बोटं मोजायला लागले. पण भागुजीबाबांनी डोळे मिटले, काठी वाळूत रोवली आणि लहान मुलासारख्या हेल काढलेल्या सुरात म्हणायला लागले, "एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे..." डोळे उघडले. "साडेचार!"

"साडेचार," कोळीण म्हणाली. "शिकला गं बाय म्हातारा."

पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे जुन्या शाळेत छडी मारून पाठ करून घेत. आमच्या पिढीला त्यांची फक्त नावं माहीत. भागुजीबाबा त्या बाईकडे, मग त्या रिकाम्या वाळूकडे बघत म्हणाले, "ह्या पाऊणकीपायी मास्तरानं माझी बोटं सुजवली व्हती. लई वेळा वाटायचं, हिचा उपयोग काय? जल्मभर कुठं लागली न्हाई. ती हितं लागायची व्हती व्हय!"

मग त्यांनी आपण होऊन पुढचा हिशेब केला. पौर्णिमा म्हणजे पंधरा. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पावणं, तुमी आला तवा दत्तजयंती. पुनव. पाणी भरलेलंच असणार." आणि अवसेला, म्हणजे अमावास्येलाही तेच. म्हणजे आमच्या बायकांनी कॅलेंडरवर बोट फिरवून सत्यनारायणाचा म्हणून एक आणि गाडी हलवायची नाही म्हणून एक असे जे दोन दिवस आधी खोडले होते, नेमके ते दोन दिवस समुद्र आमच्या सोयीने दाराशी येऊन उभा राहणार होता.

कल्याणीने पदर तोंडाला लावला. हसू आवरत नव्हतं तिला.

कुंडलिकला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. तो सुमोच्या बॉनेटला टेकून उभा होता. सासरा जवळ आल्यावर मान खाली घालून म्हणाला, "मामा, चला परत. साडेचारला पाणी बघून निघालो तर घरी जायला लई उशीर व्हईल, तुमची धारंची वेळ बी चुकंल. चूक माझी हाय. उद्या खोलतो शिटं."

भागुजीबाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही भलतंच अडाणी बोलणं ऐकलंय.

"पाणी येणार म्हणली का न्हाई ती बाई?"

"म्हणली."

"मग? पाणी निघालंय म्हटल्यावर पाटावरनं घरी गेलेला माणूस पाहिलाय का तुमी? आमी लोणीची माणसं. शेवटाची. आमाला पाण्याची वाट बघाया शिकवता काय? धारा काढील म्हातारी. चला, तवर तुमची ती बाकीची गावं दाखवा."

कुंडलिक एकदम सरळ झाला. पण सकाळचा तो आवाज काही लागेना. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गाडी चालली होती, रस्ता सावलीने थंडगार, दोन्ही बाजूला विहिरी, अंगणं, लाल कौलं. आणि कुंडलिक गप्प! आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी जानकाबाईंनी मागून हाक दिली, "काय रं कुंडलिक, उजव्या हाताला काय हाय ते सांगशील का आमीच बघू?"

"नारळ," कुंडलिक म्हणाला.

"ते आमाला बी दिसतंय मेल्या. पैसं नारळाला न्हाई देत, तुझ्या तोंडाला देतोय."

मग हळूहळू त्याचं इंजिन तापलं. रेवदंड्याला जुन्या कोटाच्या भिंतींतून रस्ता आत जातो. तिथे पोचेस्तोवर गडी पूर्ववत झाला. "ही भिंत बघा मंडळी. गूळ, चुना आन उडदाची डाळ घालून बांधली. आन हे भुयार दिसतंय न्हवं, हे थेट शिवनेरीला निघतंय."

"थेट?" जानकाबाईंनी विचारलं.

"थेट."

"मग येताना टोल कशाला भरलास रं? भुयारानंच आलो असतो की!"

पहिल्यांदा भागुजीबाबा हसले. 'हं' नव्हे, हसू. टोपी हलली. कुंडलिकने ते पाहिलं, आणि मला वाटतं त्यानंतर त्याने दोन भुयारं आणखी काढली.

एका घरगुती खानावळीत जेवलो. भागुजीबाबांना वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, जानकाबाईंना तळलेली सुरमई. आमच्या बाजरीच्या भाकऱ्यांचं गाठोडं खानावळवाल्या बाईंना फार आवडलं. त्यांनी एक भाकरी ठेवून घेतली आणि बदल्यात कल्याणीला ओलं खोबरं बांधून दिलं. जेवून भागुजीबाबा पोफळीखाली आडवे झाले, पण झोपले नाहीत. दर थोड्या वेळाने विचारत, "पावणं, निघालं असंल का?" पाटाचं पाणी वरच्या गावाहून निघालं की खालचे जसे विचारतात, तसंच.

चार वाजायच्या आधीच त्यांनी आम्हाला उठवलं. नागावच्या किनाऱ्याला सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो तर ती करडी रेघ आता रेघ राहिली नव्हती. जवळ आली होती, रुंद झाली होती, तिला आवाज आला होता.

भागुजीबाबांनी चपला काढून माझ्याजवळ दिल्या, धोतर वर खोवलं आणि काठी टेकत तरातरा पुढे गेले. ओल्या वाळूत टाचेने त्यांनी आडवी रेघ मारली आणि तिच्याशी उभे राहिले. लाट आली, दोन हात अलीकडे थांबून मागे गेली. पुढची हातभर अलीकडे. मग एक आली ती रेघ पुसून त्यांच्या घोट्यांवरून गेली.

"आलं!" ते ओरडले. "पोचलं!"

मागे सरकून त्यांनी दुसरी रेघ मारली. तीही पुसली गेली. मग तिसरी. पाणी येतंय, म्हातारा मागे सरतोय, रेघ मारतोय, आणि दर रेघेला 'पोचलं!' म्हणतोय. किनाऱ्यावरची पोरं त्यांच्याभोवती जमली आणि तीही 'पोचलं!' म्हणून ओरडायला लागली. जानकाबाईंनी साडी जरा उचलून धरली आणि पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. "बाबा, लोणीला असं पाणी आलं असतं तर?"

"तर मला कुणी शिव्या दिल्या नसत्या, बाई." ते सगळ्या किनाऱ्यावर हात फिरवत म्हणाले, "बघा की! चारी न्हाई, दार न्हाई, पाळी न्हाई. वरचा न्हाई, खालचा न्हाई. हितनं पार तितवर सगळ्यास्नी एकदम पोचलं. आन कुणी अर्ज केला न्हाई का पाटकऱ्याला चहा पाजला न्हाई."

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि त्यांना कंबरेपर्यंत भिजवून गेली. मागे सरताना डोक्यावरची टोपी पाण्यात पडली आणि वाहून चालली. ते समुद्राकडे काठी उगारून ओरडले, "अरं, दमानं सोड की! बांध फोडतोस व्हय?"

आम्ही सगळे हसून हसून वाळूत बसलो. कुंडलिक टोपीमागे पाण्यात धावला आणि ती घेऊन आला. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. समुद्र दाखवायला आम्हाला इतक्या लांब घेऊन आलेल्या त्या माणसाने पाण्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो सबंध वेळ सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर भागुजीबाबा टेकून झोपी गेले. पटलं की नाही, ते बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी कुंडलिक सुमो धुऊन दारात उभा राहिला, पाना बॉनेटवर ठेवून. भागुजीबाबा चहा पिऊन म्हणाले, "एसटीनं जातो मी. म्हशी वाट बघत असतील." आणि गेले. शिटांचं नाव नाही! कुंडलिकने कल्याणीला विचारलं, तिने मला विचारलं. मी म्हटलं, गप्प बसा. विचारायला गेलात तर उत्तर द्यावं लागेल त्यांना.

पुढले दिवस तसेच लोंबकळत गेले. संक्रांत झाली. वाणाच्या निमित्ताने नागावच्या टोपीची गोष्ट गावभर झाली, आणि एका दुपारी जानकाबाई कुंडलिकच्या ओट्यावर येऊन बसल्या. विहारातल्या बायकांना समुद्र बघायचा होता. सात जणी. सगळ्यांना रोजगार बुडवून एकच दिवस जमणार होता, आणि दिवे लागायच्या आत घरी यायला हवं होतं.

"म्हणजे पाणी दुपारच्या आत पाहिजे," कुंडलिक म्हणाला. आता त्यालाही पाऊणकी पाठ झाली होती. "कोणता दिवस म्हणालात?"

जानकाबाईंनी तारीख सांगितली. कल्याणीने कॅलेंडर पाहिलं आणि ते तसंच उलटं करून ठेवलं. "आवस हाय."

"पंधरा पाऊणे सव्वाअकरा," कुंडलिक पुटपुटला.

"सव्वाअकरा का साडेबारा, आवशीला गाडी दारातनं हलणार न्हाई," कल्याणी म्हणाली.

"आमच्यात आवस बघून कामं आडत न्हाईत बाई," जानकाबाई म्हणाल्या. "दीक्षा घेतली तवाच आमच्या सासऱ्यानं ते गाठोडं घोडनदीत सोडलं. बसणाऱ्या आमी, बघणाऱ्या आमी. तुझ्या गाडीला काय व्हतंय?"

"चालवणारा माझा नवरा हाय," कल्याणी म्हणाली.

संध्याकाळी कल्याणीने एसटीडीवरून लोणीला फोन लावला, बापाला सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू? पलीकडून आवाज आला, "येतो मी उद्या," आणि फोन बंद. ती घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. आबांना राग आला असणार, बाईमाणसांच्या सहलीपायी आवशीला गाडी काढतात म्हणून. कुंडलिक रात्री जेवला नाही, असं तिने मला सकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने भागुजीबाबा उतरले. कुणाशी बोलले नाहीत, पाणी घेतलं नाही. थेट सुमोपाशी गेले, मागचं दार उघडलं, पिशवीतून पाना काढला आणि आत चढले.

कल्याणी ओट्यावरूनच म्हणाली, "आबा, अहो आबा, एवढं तरी—" आणि तशीच ओट्यावरून खाली उतरली. कुंडलिक गाडीजवळ गेला. मीही आमच्या कुंपणापाशी आले, जानकाबाईही येऊन पोचल्या. आतून पान्याचा आवाज येत होता. करकर, करकर.

"मामा," कुंडलिक म्हणाला, "राहू द्या, मी खोलतो. तुमाला कमरंचा तरास हाय."

"खोलतो कोण?" आतून आवाज आला. "ह्ये शीट हालतंय. आवळतोय."



भागुजीबाबांनी डोकं बाहेर काढलं. घाम आला होता. त्यांनी लेकीकडे बघितलं. "कल्याणे, सगळी नोकरी पाटावर काढली मी. आवशीच्या दिवशी पाणी आलं म्हणून दारं धरायला कुणी आलं न्हाई, असं एकदा बी झालं न्हाई. पाणी आलं की माणूस फावडं घेऊन निघतो. तिथी मागनं बघतो. व्हय का न्हाई?"

कल्याणीने डोळे पुसले आणि मान हलवली. "व्हय."

"मग पावण्याला जाऊ दे. आन पावणं," त्यांनी जावयाकडे पाना दाखवला, "बाईमाणसं हायेत, घाटात दमानं."

"व्हय मामा," कुंडलिक म्हणाला, आणि हलणारं शीट बाहेरून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

जानकाबाईंना मात्र राहवलं नाही. "पर बाबा, तुमी एवढं वाकून त्या मागल्याच शिटाला का लागलाय? तिथं कोण बसणाराय? आमी सात जणी मधे-पुढं दाटीवाटीनं मावतोय."

भागुजीबाबा पुन्हा आत वाकले. आवाज तेवढा बाहेर आला.

"मी. सव्वाअकराचं पाणी अजून बघायचं ऱ्हायलंय."